आभाळावर शिक्का मारणारे चुलतसासरे

आकाशातून उड्या मारणाऱ्या माणसांमध्ये कोण जिंकणार, हे सबंध नगर जिल्ह्यात एकाच माणसाला आधी कळत असे, आणि तो माणूस माळ्यावरची लोणच्याची बरणी काढायला स्टुलावरसुद्धा चढत नसे. हा माणूस म्हणजे माझे चुलतसासरे. माझं लग्न झालं तेव्हा मी संगमनेरच्या कॉलेजात नुकताच लागलो होतो आणि सासुरवाडी नगरची. पहिल्या दिवाळसणाला गेलो, तेव्हा सासऱ्यांनी मला पाट दिला, सासूबाईंनी ओवाळलं, आणि या काकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून सगळ्यांच्या देखत सांगितलं, "जावई टिकणार. गुडघे मजबूत आहेत." माझ्या पगारापेक्षा, शिक्षणापेक्षा आणि पत्रिकेपेक्षा माझ्या गुडघ्यांवर विश्वास ठेवणारा तो पहिला आणि शेवटचा माणूस.

काकांचा सोडावॉटरचा कारखाना होता. कारखाना म्हणजे बाजाराच्या तोंडाशी एक लांबट खोली, मागे विहीर, एक गॅसचं नळकांडं, हाताने फिरवायचं यंत्र आणि गोटीच्या बाटल्यांच्या फळ्यांवर फळ्या. पण तिथे सोड्यापेक्षा भाकितं जास्त खपत. जत्रेत कोणता पैलवान पडणार, पालिकेत कोण निवडून येणार, कुणाची गाय कालवड देणार, मॅट्रिकला कुणाचं पोरगं गटांगळी खाणार, हे काका बाटलीतली गोटी अंगठ्याने खाली दाबता दाबता सांगून टाकत. भाकीत सांगून झालं की उजव्या हाताची मूठ डाव्या तळव्यावर आपटून ते म्हणत, "शिक्का मारला!" एकदा शिक्का मारला की ब्रह्मदेव आला तरी तो पुसला जात नसे. पडणार म्हटलेला पैलवान जिंकला, तर दोष पैलवानाचा. "त्याने माझं ऐकलं नाही," एवढंच काका म्हणत, जणू पैलवानाला आदल्या दिवशी कळवलं होतं आणि तरी तो हट्टाने जिंकला.

या सगळ्यातून ते आभाळात कसे पोचले, ती गोष्ट साधी आहे. छावणीतल्या मेसमध्ये काकांचा सोडा जात असे. तिथल्या कुणा परदेशी जाऊन आलेल्या साहेबाकडे विमानातून पॅराशूटची छत्री घेऊन उड्या मारण्यावरचं एक इंग्रजी मासिक येई. साहेबाचं वाचून झालं की त्याचा ऑर्डर्ली ते रिकाम्या बाटल्यांच्या खोक्यात त्या फुटू नयेत म्हणून मध्ये खुपसून पाठवी. काकांनी एक दिवस खोकं उघडलं, आणि बाटल्यांच्या मधून चार गोरे बाप्ये पालथे पडून हातात हात धरून हवेत तरंगताना त्यांच्याकडे बघून हसले. खाली जमीन नाही, वर दोरी नाही, छत्री अजून पाठीवरच. काका त्या दिवशी जेवायला घरी गेले नाहीत. काकूंनी डबा पाठवला, तर डब्यातली भाकरी हातात आडवी धरून ते बराच वेळ हळूहळू खाली आणत बसले होते, असं यंत्र फिरवणारा गडी सांगत असे.

त्यांचं इंग्रजी 'सोडा, लेमन, जिंजर' यापुढे फारसं गेलेलं नव्हतं. त्यामुळे मी नगरला गेलो की हातपाय धुवायच्या आत माझ्यापुढे मासिक येई. "वाचा जावईबापू." मी अर्थ सांगत असे. विमानातून एकामागून एक उडी मारायची, छत्री उघडायच्या आधी हवेतच एकमेकांना गाठायचं, हात धरून कडं करायचं, आणि ज्या टोळीचं कडं उडीनंतर कमी वेळात पूर्ण होईल ती जिंकली. इतकं कळल्यावर बाकीच्या मजकुराची काकांना गरज उरली नाही. ते फोटो बघत, भिंग लावून एकेकाचे गुडघे, कोपर आणि पोट तपासत आणि देशोदेशींच्या टोळ्यांना नावं ठेवत. अमेरिकेतल्या एका टोळीचं नाव होतं 'मिशीवाले', फ्रान्सचे 'सडपातळ', ऑस्ट्रेलियाचे 'ढेरपोटे'. कसोटी एकच: चौघे सारख्या वजनाचे पाहिजेत. जड माणूस भसकन खाली जातो, हलका वर रेंगाळतो, आणि रेंगाळणाऱ्याची वाट बघण्यात कडं हुकतं. "संसारासारखंच आहे," असं म्हणून ते आतल्या दाराकडे बघत. काकू चांगल्या भरभक्कम होत्या आणि काका चिपाडासारखे.

मासिक नगरच्या खोक्यात यायला चांगले सहा-सात महिने लागत. म्हणजे ज्या स्पर्धेवर काका शिक्का मारत, ती तिकडे केव्हाच होऊन गेलेली असे, जिंकलेले आपापल्या घरी जाऊन जेवून झोपलेले असत. आणि निकालाचा अंक नेमका साहेब जपून ठेवी किंवा ऑर्डर्ली त्यात चिवडा बांधून नेई. वर्तमानपत्रात तर असल्या गोष्टीची एक ओळही छापून येत नव्हती. याचा परिणाम असा, की पैलवानांच्या बाबतीत चुकणारे काका उड्यांच्या बाबतीत एकदाही चुकले नाहीत. गावात त्यांची कीर्ती झाली. ज्यांनी विमान फक्त लांबून जाताना पाहिलं होतं, ते लोक दुपारच्या उन्हात सोडा पीत एकमेकांना विचारत, "यंदा मिशीवाले का ढेरपोटे?" आणि बाटलीतून 'फस्स' असा आवाज येई.

घरच्यांनी हे सगळं सोसलं. एकदा मात्र गोष्ट हाताबाहेर गेली. त्या दिवशी कडं नेमकं कसं होतं हे काकांना प्रत्यक्ष बघायचं होतं. माजघरात गाद्या घालून त्यांनी मला, माझ्या मेहुण्याला, यंत्र फिरवणाऱ्या गड्याला आणि शेजारच्या मास्तरांना पालथं निजवलं. "पोटावर भार. हात पसरा. पाय वर. हनुवटी उचला. मास्तर, तुम्ही पडताय, झोपला नाहीत!" आम्ही चौघे एकमेकांचे हात धरून, पाय उचलून, माना ताणून, कण्हत पडलो होतो, तोच काकूंचं भजनी मंडळ टाळ घेऊन दारात आलं. पुढच्या बाईंनी एक नजर टाकली आणि "अगं बाई, फिट आली! कांदा आणा, कांदा!" म्हणून किंकाळी फोडली. पुढे काय झालं ते मला नीट दिसलं नाही, कारण माझ्या नाकाला फोडलेला कांदा लावून एका बाईंनी माझं डोकं मांडीवर घट्ट दाबून धरलं होतं. काका बाजूला उभे राहून अतिशय शांतपणे म्हणाले, "मास्तरांमुळे कडं तुटलं."

मग तो हिवाळा आला. बहात्तरचा दुष्काळ चालू होता, पाऊस फिरकलाच नव्हता, रानं नांगरलेली तशीच पडली होती. आदल्या वर्षीचं युद्ध संपलं होतं, आणि जवानांच्या कुटुंबांच्या मदतीसाठी शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानावर लष्कराचा एक मेळा भरणार होता. त्यात घोडे होते, रणगाडे होते, बँड होता. आणि शेवटी विमानातून उड्या मारणाऱ्या तीन टोळ्यांची शर्यत होती. टोळ्या टोपीच्या रंगावरून ओळखायच्या: लाल, पिवळी, निळी. ही बातमी सांगायला मेहुणा धावत दुकानात गेला, तेव्हा काकांनी हातातली बाटली खाली ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाले, "आले. शेवटी आपल्याकडे आले."

मेळ्याच्या आधीच्या आठवड्यात ते जवान सरावाला येत आणि परतताना काकांकडे सोडा पीत. काका त्यांना सोडा देत आणि शेजारच्या लाकडाच्या वखारीत नेऊन काट्यावर उभे करत. जवान हसत हसत उभे राहत. लाल टोपीचे चौघे एका साच्यातून काढल्यासारखे निघाले. निळ्या टोपीत मात्र तीन दणकट आणि एक काटकुळा. हा काटकुळा आपल्याच जिल्ह्यातला, जामखेडकडचा, खर्ड्याजवळच्या वाडीतला. काकांनी काट्याकडे बघून जीभ चुकचुकवली.

"तू वर राहणार रे बाळा. हे तिघे खाली वाट बघत बसतील."

"मी वर राहिलो तर ते येतील की वर, काका."

"आभाळात वर कुणी येत नसतं. सगळे खालीच येतात. कमरेला चार दगड बांधून घे."

पोरगा खो खो हसला. काकांनी मूठ तळव्यावर आपटली: "लाल टोळी. शिक्का मारला!"

झालं. गाव उलटलं. आपल्या जिल्ह्याचा पोरगा निळ्या टोळीत असताना हा म्हातारा लालवर शिक्का मारतो म्हणजे काय? भाजीबाजारातल्या पोरांनी काकांचा सोडा बंद केला. कुणी दुकानावरून जाताना मुद्दाम निळा रुमाल फडकवी. काकूंच्या भजनी मंडळातल्या दोघींनी प्रसादाचा हात आखडता घेतला. सासरे म्हणाले, "अरे, निळं म्हण. तुझं काय जातं?" काका म्हणाले, "दादा, वजन पक्षपात करत नाही." आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या उड्यांवरच्या भाकिताचा निकाल सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत लागणार होता. मी त्यासाठी रजा काढून नगरला आलो होतो. काका वरून ताठ होते, पण दोन बाटल्यांत त्यांनी गॅसच भरला नव्हता, हे मी पाहिलं.

मेळ्याच्या आदल्या दुपारी मी दुकानातच बसलो होतो. जामखेडच्या एसटीतून उतरलेली एक बाई विचारत विचारत आली. डोक्यावर पदर, हाताला दुष्काळी कामावर खडी फोडून पडलेले घट्टे, काखेत लहानसं बोचकं.

"सोडावालं काका तुमीच का?"

"मीच. काय देऊ? लेमन?"

"सोडा नगं. तुमी समदं आदीच सांगता म्हनं. एष्टीत बोलत हुते."

काकांची मान ताठ झाली. आठवडाभर त्यांना कुणी मानाने विचारलं नव्हतं. "विचारा ना. तर बघा, लाल टोळीचं वजन सारखं आहे—"

"मला लाल-पिवळं कळत न्हाई. त्यो निळ्या टोपीतला बारका हाय ना, त्यो माजा ल्योक. त्यो नीट उतरंल का, तेवढंच सांगा."

काकांचं तोंड उघडंच राहिलं. वखारीतली करवत तेवढी चालू होती. तिने नजर काढली नाही. शेवटी काका तिच्याच बोलीत म्हणाले, "उतरंल."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी मूठ आपटली नाही. तिचा चेहरा मात्र एकदम सैल झाला. मग तिने सोडा घेतला, आणि पहिल्याच घोटाला नाकात झिणझिण्या आल्या तशी पदर तोंडाला लावून पोरीसारखी हसली. "ह्यात मुंग्या हायेत का काय!" काकूंनी तिला घरीच ठेवून घेतलं.

काका मात्र मला मागे विहिरीपाशी घेऊन गेले. चेहरा पांढराफटक. "जावईबापू, हे मी काय बोलून बसलो?"

"तिला धीर दिलात. त्यात काय?"

"अहो, कोण जिंकेल ते सांगता येतं. त्याला वजन आहे, गुडघे आहेत. कोण नीट उतरेल हे कशावरून सांगायचं? छत्रीची घडी कुणी घातली, वारा कुठला, मला काय ठाऊक? ती बाई माझ्या शब्दावर जेवायला बसलीय घरी."

संध्याकाळपर्यंत ते वीटभट्टीचा धूर कुठे झुकतो ते बघत येरझाऱ्या घालत होते. पान वाढलं तर चार घास घेऊन उठले. पोराची आई मात्र पिठलं-भाकरी खाऊन काकूंना जात्यावरच्या ओव्या सांगत बसली होती.

दुसऱ्या दिवशी मैदानावर ही गर्दी! नेवाशापासून, शेवगावपासून लोक बैलगाड्या जुंपून, भाकऱ्या बांधून आले होते. काकांनी दुर्बीण मागून आणली होती. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती बाई, मागे निळे रुमाल घेऊन भाजीबाजार. "काका, आज शिक्का धुऊन निघतो बघा!" पोरं ओरडत होती. काकांनी वळूनही पाहिलं नाही.

घोडे धावले, रणगाडे धुरळा उडवून गेले. मग विमान आलं. पुन्हा पुन्हा घिरट्या घालून प्रत्येक टोळी खाली सोडणार होतं. पहिल्यांदा लाल. आभाळात मोहरीएवढे चार ठिपके पडले, एकमेकांकडे सरकले, बघता बघता चिकटले. मैदान 'हो' करून उठलं. पुढच्या घिरटीला पिवळी टोळी आली. त्यांचा एक जण निसटून लांब गेला आणि कडं झालंच नाही. आणि मग निळी.

मी काकांकडे बघितलं. वर्षानुवर्षं फोटोत ज्याच्यावर भिंग धरलं, ते प्रत्यक्ष डोक्यावर घडत होतं. आणि काकांनी दुर्बीण त्या बाईच्या गळ्यात घातली होती. तिला ती उलटीसुलटी कळेना. तिने ती गळ्यातच राहू दिली आणि काकांचं मनगट धरलं. "कुटं हाय?" ती विचारत होती. काका दुसऱ्या हाताने दाखवत होते, "तो. सगळ्यात वरचा. तो बघा, तो." तिघे खाली जुळले, एक वर राहिला, अगदी काका म्हणाले होते तसा. मग तोही मुंगीसारखा सरकत सरकत खाली आला आणि जुळला. कडं झालं, सुटलं. तीन छत्र्या उघडल्या. चौथी नाही.

मागचे निळे रुमाल खाली आले. तो ठिपका तसाच खाली येत होता. काकांनी डोळे मिटले नाहीत. ओठ मात्र हलत होते. आणि फट्‌कन, जणू कुणी आभाळात सोड्याची बाटली फोडली असावी, तशी चौथी छत्री उमलली. वारा लागला, आणि हलका पोरगा त्या वाऱ्याबरोबर मैदान ओलांडून पलीकडच्या रानाकडे वाहत गेला, बाभळींच्या आड दिसेनासा झाला.

त्या बाईने बोचकं टाकलं आणि पळत सुटली. तिच्यामागे धोतराचा सोगा हातात धरून काका, आणि त्यांच्यामागे मी. मागे कर्ण्यावर निकाल चालू होता, लोक ओरडत होते, आमच्या कानावर त्यातलं काही येत नव्हतं, निदान काकांच्या तरी. ढेकळांतून, कुसळांतून, दोनदा पडून आम्ही बाभळींच्या पलीकडे पोचलो. नांगरलेल्या रानात पोरगा धुळीने माखून बसला होता, घोटा चोळत, आणि छत्री फुगून फुगून त्याला ओढू बघत होती.

आईने आधी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मग त्याचं तोंड दोन्ही हातांनी धरलं. "पडला न्हाईस ना रं?"

"आये, पडायलाच तर गेल्तो!"

"छत्री उशिरा का उगडली मग?"

"जरा अडकली हुती. उगडली की." तो आईच्या खांद्यावरून काकांकडे बघून ओशाळं हसला. "काका, दगड बांधायला पायजे हुतं."

काका ढेकळांवर फतकल मारून बसले होते. त्यांना धाप लागली होती, चष्मा नाकावरून घसरला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धूळ गेली असेल. ती बाई त्यांच्यापाशी आली, वाकली आणि म्हणाली, "तुमचं बोलनं खरं झालं, काका." काकांनी नुसते हात जोडले.

संध्याकाळी त्या बाईला जामखेडच्या गाडीत बसवून आम्ही टांग्याने परतलो. बाजारातून जाताना लोक दोन्ही बाजूंनी ओरडत होते, "काका, मानलं बुवा! शिक्का बसला!" ज्यांनी निळे रुमाल फडकवले होते, तीच पोरं टांग्यामागे धावत होती. काका गोंधळून सगळ्यांना नमस्कार करत होते. वखारीच्या वळणावर गर्दी मागे पडली तेव्हा ते माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "जावईबापू, कोण जिंकलं हो?"

"लाल, काका. तुमची लाल."

"असं?" म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "चांगले होते बिचारे." आणि घर येईपर्यंत टांगेवाल्याला घोड्याच्या पायांबद्दल काहीबाही विचारत राहिले.

पुढे त्या साहेबाची बदली झाली आणि मासिक यायचं थांबलं. काकांनी त्याची चौकशी केली नाही. पैलवान, पालिका आणि मॅट्रिकची पोरं यांच्यावर शिक्के मारणं चालू राहिलं आणि चुकणंही चालू राहिलं. उड्यांचा विषय कुणी काढला तर ते म्हणत, "कोण जिंकतं ते सोपं असतं हो," आणि बाटली पुढे करत. पाऊसपाणी सुधारल्यावर ती बाई दर संक्रांतीला तीळ आणि हुलगे घेऊन येई. काका तिला विचारत, "पोरगं कसं आहे?" आणि ती म्हणे, "झ्याक हाय." याहून जास्त बोलणं मी कधी ऐकलं नाही.

नंतरच्या वर्षांत मी नगरला गेलो की एक गोष्ट पाहत असे. छावणीच्या बाजूने विमानाची घरघर आली की काका हातातलं गिऱ्हाईक सोडून, फडक्याला हात पुसत रस्त्यावर येत. कपाळावर हात आडवा धरून वर बघत. साधंच विमान असे, पुण्याला नाही तर आणखी कुठे जाणारं. दुकानातून गिऱ्हाईक ओरडे, "काका, सोडा!" काका हलत नसत. मी एकदा जवळ जाऊन विचारलं, "काय बघता?"

"काही नाही. कुणी उतरतंय का ते."

विमान दिसेनासं व्हायचं, आवाजही विरून जायचा. काका तिथेच उभे असायचे, रिकाम्या आभाळाकडे तोंड करून, आणि मी त्यांच्या शेजारी.